‘मला काही झालेलं नाही’ म्हणणाऱ्या मुलाच्या आईला

प्रश्न थोडक्यात असा: बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातल्या एका आईनं विचारलंय. मुलगा 25 वर्षांचा, मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीत होता, रात्रपाळीत दारू लागली, दोन वर्षांपूर्वी काम सुटलं. गेल्या वर्षी ‘गोव्यात इंटरव्ह्यू आहे’ असं सांगून नातेवाइकांनी त्याला गाडीत घातलं आणि एका व्यसनमुक्ती केंद्रात नेऊन सोडलं. महिनाभर राहिला, घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी प्यायला. आता डॉक्टरचं नाव काढलं तरी ताट भिरकावतो. वडील पलटणीतून निवृत्त, त्यांनी मुलाशी बोलणं टाकलंय. आईचे प्रश्न तीन: जेवणातून गुपचूप औषध देऊ का, पुन्हा जबरदस्तीनं भरती करू का, की लग्न करून देऊ?

ताई, यातले दोन प्रश्न आधी उरकते, म्हणजे तिसऱ्याला वेळ मिळेल.

लग्न नको. ‘जबाबदारी अंगावर पडली की सुधारेल’ या भरवशावर आणलेल्या सुना मी गेली 22 वर्षं बघतेय. त्या माझ्यासमोर बसतात तेव्हा मांडीवर बहुधा लेकरू असतं आणि अंगावरचं डोरलं सोडून बाकीचं गहाण पडलेलं असतं. मुलगीवाल्यांपासून लपवून हे करायचं म्हणजे दुसऱ्याचं घर आपल्या आगीत ओढायचं. हा विषय वर्षभर तरी घरात निघू देऊ नका, गडहिंग्लजच्या आत्यानं कितीही स्थळं आणली तरी.

गुपचूप औषध तर मुळीच नको. ‘रुग्णाला न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिराती आपल्याकडे बसस्टँडच्या भिंतीपासून मोबाइलपर्यंत सगळीकडे आहेत. त्या पुडीत काय असतं हे बरेचदा विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. काही पुड्यांत डायसल्फिराम असतं. हे खरं औषध आहे आणि आम्हीही वापरतो, पण ते घेणाऱ्याला माहीत असायलाच लागतं. दारू शरीरात गेल्यावर तिचं ॲसिटाल्डिहाइड होतं, एरवी यकृत ते पुढे मोडून टाकतं. या गोळीनं तेच अडतं. मग माणूस प्यायला की चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. माणूस दगावूही शकतो. गोळी थांबवल्यावरही हा धोका दोन आठवड्यांपर्यंत राहतो. ज्याला माहीत आहे तो दारूपासून लांब राहतो. ज्याला माहीत नाही तो नेहमीसारखी क्वार्टर मारतो आणि आई त्याला घेऊन रात्री दवाखाना गाठते. शिवाय हे कधी ना कधी उघडकीला येतंच. एका पोरानं त्यानंतर पाच महिने आईच्या हातचं खाल्लं नव्हतं. डब्याला हात लावायचा नाही, बाहेर वडापाव खायचा.

आता भरतीचं. पण त्याआधी तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावर थांबते. ते तीनदा आलंय: ‘त्यानं एकदा कबूल केलं की पुढचं सगळं करू.’

हा क्रम आपल्या सगळ्यांच्या डोक्यात पक्का बसलाय. आधी त्यानं मानायचं, मग उपचार. माझ्याकडे येणाऱ्यांचा क्रम बहुतेक उलटा असतो. कोणी बायको माहेरी गेली म्हणून येतो, कोणी मालकानं पाठवलं म्हणून, आणि पुष्कळ पोरं तर नुसती आईची कटकट थांबावी म्हणून. ‘मला दारूचा त्रास आहे’ असं पहिल्या दिवशी म्हणणारा विरळा. आम्हाला चालतं. अर्ध्या मनानं आलेलाही सुधारतो. दारू थांबून चार आठवडे झाले, झोप जाग्यावर आली, भूक लागायला लागली की मग डोकं ताळ्यावर येऊन माणूस स्वतःच्या तोंडानं बोलायला लागतो. ते कबूल करणं तुम्ही आधीच मागताय. रोज मागताय. आणि तो रोज नाही म्हणतोय, म्हणजे नाही म्हणायची त्याची सवय रोज पक्की होतेय.

तो हट्टी आहे हे खरं असेल. पण त्या ‘नाही’त आणखीही काही आहे. गेल्या वेळी त्याला फसवून नेलं. तिथं काय झालं ते तुम्ही विचारलंत का? पत्रात ते नाही. ‘मी वेडा नाही’ म्हणतो, कारण आपल्या गावांत धारवाड म्हटलं की अजूनही वेड्यांचं इस्पितळच डोळ्यांपुढे येतं. 1845 पासूनची ती ओळख आहे, आज तिथं शिकवणारी मोठी संस्था असली तरी. आणि एक भीती तो कधीच बोलून दाखवणार नाही: नाही प्यायलो तर सकाळी हात कापतात, हे त्याला माहीत आहे.

म्हणून मी घरच्यांना सांगते, त्याचा होकार ओरबाडू नका आणि त्याच्या होकाराची वाट बघत हातावर हात ठेवूनही बसू नका. घरातल्या ज्या गोष्टी तुमच्या हातात आहेत त्या हलवा. हे नुसतं माझं मत नाही. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये रॉबर्ट मायर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपचार नाकारणाऱ्यांच्या कुटुंबांसाठी ‘क्राफ्ट’ नावाची पद्धत बसवली. 1999 साली तिची इतर दोन पद्धतींशी तुलना छापून आली. घरच्यांना या पद्धतीनं शिकवलं तिथं 64 टक्के पिणारे उपचारांना आले. सगळ्यांनी मिळून एकदा बसवून जाब विचारायच्या पद्धतीनं 30 टक्के आले, आणि घरच्यांनी पिणाऱ्यांच्या कुटुंबीयांसाठी असलेल्या अल-अ‍ॅनॉनच्या सभांना जाण्यानं 13 टक्के. अल-अ‍ॅनॉनवर अन्याय नको, तिचा हेतू घरच्यांचं मन सावरणं हा आहे, पिणाऱ्याला ओढून आणणं हा नाहीच. तुमच्या त्या गोव्याच्या गाडीचे मार्क मात्र यात कुठेच मोजलेले नाहीत.

‘हलवा’ म्हणजे काय ते तुमच्याच घरातून सांगते.

सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे 2000 रुपये तुमच्या खात्यावर येतात आणि एटीएमचं कार्ड त्याच्याकडे असतं, असं तुम्ही सहज लिहून गेलात. पिग्मीवाल्याकडे साठवलेले मोडून तुम्ही दुकानदाराची उधारी भागवलीत, दोनदा. फाउंड्रीतून फोन यायचा तेव्हा ‘ताप आलाय’ तुम्हीच सांगायचात. रात्री ओकला की अंथरूण तुम्ही बदलता आणि सकाळी तो स्वच्छ चादरीवर उठतो. ताई, दोष देत नाही, आईचा जीव आहे. पण त्याच्या पिण्याची किंमत तुमच्या खात्यावर लागतेय. त्याच्यापर्यंत बिल पोचतच नाही, मग त्याला खर्च कळणार कसा?

सगळं एका दिवसात बंद करायला जाऊ नका, जमणार नाही. एकच गोष्ट निवडा, जी तो कितीही ओरडला तरी तुम्ही धरून ठेवू शकाल. कारण तीन दिवस आरडाओरडा झाल्यावर तुम्ही पैसे दिलेत, तर तो तीन दिवस ओरडायला शिकतो. मी तुमच्या जागी असते तर कार्डापासून सुरुवात केली असती. बँकेत जाऊन जुनं कार्ड बंद, नवीन स्वतःजवळ. त्याला आधी शांतपणे सांगायचं: ‘जेवण, कपडे, दवाखाना, याला मी कधी नाही म्हणणार नाही. हातात पैसे देणार नाही.’ मग दुकानदाराकडे जाऊन, चार माणसं नसताना, सांगायचं की इथून पुढची उधारी आमच्या घरातून भागणार नाही. रात्री ओकला तर कुशीवर वळवा म्हणजे श्वास अडकायचा नाही, तेवढं आईचं काम. चादर सकाळी त्याला धुऊ दे.

आणि तुमच्या मिस्टरांना एक निरोप. मिलिटरी कँटीनचा दारूचा कोटा महिन्याला घरी येतो, कपाटात कुलपात असतो, त्यातली एखादी बाटली पाहुण्यांसाठी निघते, एखादी विकली जाते. आपल्या भागात पलटणीतून आलेल्यांच्या घरोघरी हे चालतं, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. ‘मी माजी सैनिक, मी दोन पेग घेऊन झोपतो, मला कधी लागली नाही’ हे त्यांचं म्हणणं खरंही असेल. पण ज्या घरात पोरगा दारूनं वाया चाललाय त्या घरात बाटली नको. सहा महिने कोटा उचलू नका, साहेब. पोरग्याशी बोलत नाही आहात, ठीक आहे. निदान हे न बोलता करता येण्यासारखं आहे, आणि त्याला ते दिसेल.

हे झालं अर्धं. उरलेलं अर्धं लोक विसरतात, आणि मग नुसतं कडक वागून घर बर्फासारखं होतं. तो न प्यालेला असतो ते तास ओळखा. तुम्ही लिहिलंय, सकाळी उठल्यापासून साधारण अकरापर्यंत तो बरा असतो. त्या वेळात त्याच्याजवळ बसा, चहा द्या, रताळ्याच्या दरावर बोला, क्रिकेटवर बोला. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर बिघडलाय, त्याला बघ म्हणा. डिप्लोमा आहे त्याचा. दुरुस्त केलं तर तोंडभरून नाही, पण नोंद घेऊन सांगा. संध्याकाळी पिऊन आला की बोलणं बंद, तुम्ही आत. भांडण नाही, रडणं नाही, उपदेश नाही. प्यालेल्याशी केलेली चर्चा त्याला सकाळी आठवत नाही, तुम्हाला मात्र रात्रभर आठवते.

दारूचा विषय काढायचाच तर सकाळी, पंक्तीला किंवा ताटावर कधीच नाही. समोरासमोर बसवून नाही, शेताकडे जाता-जाता, शेजारी-शेजारी चालताना. दोन वाक्यांत संपवायचं. ‘काल तू बंधाऱ्यावरनं गाडी घालत आलास, मी दारात उभी होते, माझे पाय थरथरत होते. तुला कधी वाटलं की कुणाला तरी दाखवावं, तर रात्री दोन वाजता उठव, मी येते.’ बस्स. उत्तर मागायचं नाही. ‘कळतंय काय तुला?’ असं तर विचारूच नका, त्याचं उत्तर ‘कळतंय’ असंच येतं आणि तिथं सगळं संपतं.

यानं एक दिवस फट पडते. कधी पडेल ते माझ्या हातात नाही, पण पडल्यावर ती थोडाच वेळ उघडी असते.

निपाणीकडची एक बाई होती, विड्या वळून घर चालवणारी. ओळख कळू नये म्हणून थोडं बदलून सांगते. पोरगा तुमच्या मुलाएवढाच. वर्षभर तिनं वरचं सगळं केलं, दोनदा हरली, पुन्हा सुरू केलं. एका सकाळी तिनं त्याला चहा दिला, तर बशी कपाखाली टकटक वाजायला लागली. त्यानं कप खाली ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा टकटक. आईकडे न बघता म्हणाला, ‘हात थांबत न्हाईत ग.’ तिनं व्यसन, दारू, केंद्र यातला एकही शब्द उच्चारला नाही. ‘चल, हात दाखवून येऊया,’ म्हणाली, आणि पदराला हात पुसून तशीच निघाली. तिला माहीत होतं कुठं जायचं, कोण डॉक्टर, बस किती वाजता, कारण हे सगळं तिनं दोन महिने आधी विचारून ठेवलं होतं. दुपारी बारा वाजता तो ओपीडीत होता. संध्याकाळपर्यंत थांबली असती तर त्यानं कापरं घालवायला दारूचं नव्वद मिलीचं टेट्रापॅक फोडलं असतं, आणि मग कुठला दवाखाना?

म्हणून दार कुठलंही चालतं. झोप येत नाही, पोट दुखतं, हात कापतात, भूक नाही, छातीत धडधडतं. व्यसनमुक्तीच्या पाटीखालून आत यायला लाज वाटते, पोटाच्या डॉक्टरकडे जायला नाही. तो डॉक्टर पुढे पाठवेल.

इथं एक धोक्याची गोष्ट, ही नीट वाचा. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडणं जिवावर बेतू शकतं. कापरं, घाम, उलट्या हे शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत सुरू होतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांनी काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, कुणीतरी मारायला आलंय वाटतं, घर ओळखू येत नाही. गावाकडे याला ‘बाहेरचं लागलं’ म्हणतात आणि अंगारा लावत बसतात. हा तातडीनं मोठ्या दवाखान्यात न्यायचा आजार आहे. खोलीत कोंडून दारू सोडवायचा प्रयोग कुणी सुचवला तर त्याला घरातून वाटेला लावा. दवाखान्यात थायामिनची, म्हणजे बी-1 जीवनसत्त्वाची इंजेक्शनं आणि कापरं शमवणारी औषधं देऊन हेच आठ-दहा दिवस सुखरूप पार पडतात.

आता जबरदस्तीची भरती. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा 29 मे 2018 पासून लागू आहे, दारूमुळे येणारे मनाचे आजार त्यात येतात, आणि कायदा केंद्राचा असल्यामुळे बेळगावला तोच आणि कोल्हापूरला तोच. त्याच्या 89 व्या कलमाखाली माणसाच्या मर्जीविरुद्ध भरती होऊ शकते, पण ‘पितो’ एवढ्या कारणावर नाही. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला त्याच्यापासून धोका असला पाहिजे, किंवा स्वतःची काळजी घेणं इतकं सुटलेलं असलं पाहिजे की त्यातूनच जीव धोक्यात यावा. शिवाय आजारामुळे तो स्वतःच्या उपचाराचा निर्णय घेण्याच्या स्थितीत नसला पाहिजे. दोघांनी त्याला वेगवेगळं तपासायचं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ. मुदत 30 दिवसांपर्यंत. अगदी तातडी असेल तर 94 व्या कलमाखाली कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर 72 तासांपर्यंत उपचार देऊ शकतो. साखळीनं बांधणं कायद्यानं पूर्ण बंद आहे. तेव्हा पुन्हा वेळ आलीच तर संस्थेची नोंदणी बघा, मानसोपचारतज्ज्ञ रोज येतो का विचारा, भेटायला आणि फोन करायला देतात का विचारा. ‘महिनाभर तोंड बघायचं नाही, आम्ही सरळ करतो’ असं म्हणणाऱ्याकडे पोरगा ठेवू नका. आणि न्यायचंच झालं तर कुठे नेतोय ते त्याच्या तोंडावर सांगून न्या. तो चिडेल. फसवल्यावर चिडतो त्यापेक्षा कमी चिडेल.

गेल्या वेळचा महिना फुकट गेला असं तुम्हाला वाटतंय. मला तसं वाटत नाही, तो अर्धवट राहिला एवढंच. महिन्यात शरीर दारूतून सुटतं, रात्रपाळीनं मोडलेली झोप, गेलेलं काम, रिकामा दिवस हे सगळं घरी तसंच वाट बघत असतं. बाहेर आल्यावर कुणी त्याला दर आठवड्याला भेटत होतं का? तलफ कमी करणाऱ्या गोळ्या कुणी सुचवल्या? आणि हो, समुपदेशन कुठल्या भाषेत झालं? पोरगा मराठी शाळेत शिकलेला, समोरचा मनानं चांगला पण कन्नडच बोलणारा, मग पोरगा प्रत्येक प्रश्नाला ‘हौदु सर’, म्हणजे ‘होय सर’, म्हणून सुटका करून घेतो. कागदावर सगळं उत्तम दिसतं. बाजारात कन्नड येणं वेगळं आणि आपली लाज कन्नडमध्ये सांगणं वेगळं. मराठीत बोलणारं माणूस हट्टानं मागा, बेळगावात मिळतं. 14416 हा मनाच्या त्रासासाठीच्या टेलिमानस सेवेचा सरकारी नंबर फुकट आहे, तिथंही मराठी निवडता येतं.

माळ घालायचं तुमच्या दिरांनी सुचवलंय. मी त्याच्या आड येणार नाही. आपल्या भागात माळ घालून दारू सुटलेली माणसं मी पाहिलीत. माझ्या हिशेबानं त्यात तुळशीइतकाच वाटा संध्याकाळच्या भजनाचा, वारीला बरोबर चालणाऱ्यांचा आणि ‘काय माळकरी, आज आला नाहीत?’ असं विचारणाऱ्या शेजाऱ्याचा असतो. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभेत तरी दुसरं काय असतं? फक्त माळ त्याच्या गळ्यात बळंच घालू नका, आणि गोळ्या चालू असतील तर माळ घातली म्हणून बंद करू नका. यात्रा, शिवजयंतीची मिरवणूक, गणपती हे दिवस मात्र आधीपासून ध्यानात ठेवा. सहा महिने सांभाळलेली पोरं चित्ररथाच्या मागे एका रात्रीत घसरतात. घसरला तर पहिल्यापासून सुरुवात असं समजू नका, दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात न्या.

एक काम मात्र आजच करा. तुम्ही शेती करता, म्हणजे माळ्यावर फवारणीचं औषध असणार. ते घरातून हलवा, भावाच्या गोठ्यात ठेवा, कुलूप घाला, किल्ली कमरेला. पिणारं तरुण पोरगं रागाच्या भरात करून बसतं आणि मग पस्तावायलाही उरत नाही. ‘मरतो’ म्हणाला तर नाटक म्हणून सोडू नका. शुद्धीत असताना सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाही, उलट पुष्कळदा बांध फुटून बोलायला लागतात. हात उगारला तर मात्र तुम्ही आणि घरातले बाकीचे आधी घराबाहेर, मग 112.

आणि शेवटी तुम्ही स्वतः या. तो नाही आला तरी चालेल. कर्नाटकात तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मंगळवारी मानसोपचारतज्ज्ञ बसावेत अशी योजना आहे, आदल्या दिवशी फोन करून विचारा. मिस्टरांना आणा, नाही आले तर लेकीला. गेल्या वर्षीच्या केंद्राचं डिस्चार्ज कार्ड आणि त्यानं घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं पिशवीत टाका. निघताना त्याला सांगून निघा: ‘मी दवाखान्यात चाललेय, माझ्यासाठी. मला झोप लागत नाही.’ ते खरंच आहे, आणि ‘कुठल्या?’ असं त्यानं विचारलं तर नाव सांगा.